निवायला ठेवलेली वाकळ

“आमच्याकडचा कचरा फेकायचा नसतो, तो निवेपर्यंत त्याच्या दाराशी बसून राहायचं असतं,” असे राजेश्वरी एकदा म्हणाली होती.

तिचे ते दार बारामतीतल्या एका खाजगी इस्पितळाच्या मागच्या अंगाला आहे. पेशंटचे नातेवाईक जिथे डबे घासतात त्या नळांच्या पलीकडे एक बुटकी, बिनखिडकीची खोली. दाराला दोन कुलपे. दारावर पिवळ्या रंगावर काढलेले तीन पाकळ्यांचे चिन्ह. खेड्यावरून आलेली माणसे त्याला पंखा समजतात आणि आत गारवा असेल म्हणून भिंतीला टेकून बसतात. राजेश्वरी त्यांना उठवते. भिंत जाड आहे, टेकल्याने काही होत नाही, पण सवय लागू नये असे तिचे म्हणणे.

थायरॉईडच्या कर्करोगावर इथे आयोडीनचा डोस देतात. साधे मिठातले आयोडीन नव्हे, किरणे सोडणारे. ते पोटात जाते, गळ्यात उरलेल्या गाठीचे कण शोधून जाळते आणि मग शिल्लक राहिलेले लघवीतून, घामातून, थुंकीतून बाहेर पडते. बाहेर पडले तरी ते शांत झालेले नसते. म्हणून त्या वॉर्डातले सांडपाणी गावाच्या गटारात जात नाही, जमिनीत पुरलेल्या दोन टाक्यांत जाते. एक टाकी भरली की तिचे तोंड बंद करून दुसरी उघडायची. पहिलीतले पाणी अंधारात आपापल्या वेळेने निवत राहते. चादरी, हातमोजे, कपडे बुटक्या खोलीत पिशव्यांमध्ये निवत राहतात. कुठल्या पिशवीत काय आहे, किती आहे, ते कधी निवेल, हे ठरवणे आणि निवल्याची खात्री झाल्याशिवाय एक चिंधीही बाहेर जाऊ न देणे, हे राजेश्वरीचे काम. इस्पितळातली ती रेडिएशन सेफ्टी ऑफिसर.

‘निवणे’ हा शब्द तिचा. पुस्तकात दुसरा आहे, पण तो ऐकून पेशंट घाबरतात. भाकरी निवते, दूध निवते, तापलेले अंग निवते. हे कळायला कुणाला शाळेत जावे लागत नाही.

तिला पगार इस्पितळ देते, पण उत्तर द्यावे लागते मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला. चूक झाली तर तिने आपल्याच मालकांविरुद्ध लिहायचे, अशी ही नोकरी. इस्पितळाचे संचालक डॉ. अविराज तिला तिच्या तोंडावर म्हणत, “आमच्या घरात नांदते, पण हिचं माहेर मुंबईला.” लोक हसत. राजेश्वरीही हसे आणि हसून झाल्यावर जे विचारायचे ते पुन्हा विचारी.

तिचे खरे माहेर इंदापूर तालुक्यातले कळस. वडील गेणबा भाजीपाला करतात. वांगी, दोडका, थोडे डाळिंब. फवारणी झाली की औषधाच्या बाटलीवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत गेणबा प्लॉटला हात लावू देत नसत. शेजारचे शेतकरी भाव बघून दुसऱ्याच दिवशी तोडा करत आणि बांधावरून ओरडत, “गेणबा, वांगी काय नवरी हाय व्हय, मुहूर्त बघून उचलायला?” वांगी झाडावर जून होत, पिवळी पडत. लहानपणी राजेश्वरीला वडिलांचा राग येई. रंगाने सारखी, वासाने सारखी, दोन्ही वांगी सारखीच चकचकीत, आणि तरी एक तोडायचे आणि एक नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी डोळ्यांदेखत नुकसान सोसणारा माणूस तिने पहिल्यांदा घरात पाहिला. पुढे पुण्याला फिजिक्स शिकून, मुंबईला परीक्षा देऊन ती बारामतीला परत आली आणि जळोचीत संसार मांडला. नवऱ्याचे, युवराजचे, ठिबकच्या नळ्यांचे दुकान आहे. घरात सासूबाई.

मार्गशीर्षात पिंपळीच्या कौसल्याबाई वॉर्डात आल्या. गळ्यावर ऑपरेशनचा ताजा व्रण, पदराने झाकलेला. त्यांची मुलगी रोहिणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. डोस घेतल्यावर काही आठवडे गरोदर बाईच्या आणि तान्ह्या बाळाच्या जवळ जायचे नाही, हे राजेश्वरीने त्यांना आधीच सांगितले होते.

“म्हंजी माझ्या पोरीच्या बाळंतपनात मी न्हाय?”

“तुमी जवळ न्हाय. लांबून सगळं.”

“लांबून कुटं बाळंतपन व्हतं का, ताई?”

राजेश्वरीने खुर्ची जवळ ओढली. ती म्हणाली, “फवारणी केल्यावर आपण प्लॉटात लेकरं सोडत न्हाय ना? तसं हाय. आता तुमचीच फवारणी व्हणार.”

कौसल्याबाई हसल्या. “आन् मी पिकले की तोडनार कोन?”

वॉर्डात जाताना फक्त लागेल तेवढेच सामान न्यायचे असते, कारण आत गेलेली वस्तू मोजल्याशिवाय बाहेर येत नाही. कौसल्याबाईंनी पिशवीत तळाशी एक अर्धवट शिवलेली वाकळ नेली. बाळाची, लहान. आपल्या मेलेल्या आईची तीन लुगडी एकावर एक घालून त्यावर धावदोरा घालत आणलेला. डोस देणारा तंत्रज्ञ गोकुळ, इंदापूरचा पोरगेला गडी, त्याने ती पाहिली आणि आत जाऊ दिली. बंद खोलीत एकटी बाई बसून काय करणार, असे त्याला वाटले. कौसल्याबाईंनी डोस घेतला आणि पुढचे सगळे दिवस त्या शिवत राहिल्या. कॅमेऱ्यात त्यांची वाकलेली मान दिसे आणि हात दिसे. दुसरे काही हलत नसे.

घरी सोडायच्या दिवशी राजेश्वरीने दाराबाहेर उभे राहून एकेक वस्तू किरणे मोजणाऱ्या मीटरखाली धरली. तांब्या, चप्पल, फणी. साडी थोडी बोलली, ती पिशवीत गेली. मग वाकळ. मीटर टकटकू लागला, गप्प झाला, पुन्हा टकटकला. घाम लागला असता तर डाग पसरट निघाला असता. हे तसे नव्हते. ओळीने ठिपके होते, रेघेवर रेघ, जशी शेतात सरी. राजेश्वरी बराच वेळ वाकळीवरून मीटर फिरवत राहिली. मग तिने दाराच्या काचेतून विचारले, “मावशी, सुईत दोरा ओवताना काय करता?”

कौसल्याबाईंनी दोरा नसलेले हात तोंडाकडे नेले. टोक जिभेवर ओले केले, दोन बोटांत वळले. शेवटी गाठ मारून दोरा दातांनी तोडला. सारे हवेतल्या हवेत. आणि तिथेच त्यांचे हात थांबले.

थुंकीत ते पुष्कळ असते. जिथे जिथे नवा दोरा सुरू झाला, जिथे जिथे तुटला, तिथे तिथे आयोडीन बसले होते. वाकळीवर कुठून कुठवर एका बसण्यात शिवले तेही त्या ठिपक्यांवरून वाचता येत होते.

“धुवून काडते की,” कौसल्याबाई म्हणाल्या.

“धुवून निम्मं निघंल, निम्मं ऱ्हाईल. आन् निघंल ते पाण्यात जाईल. ती हितंच निवू द्या, मावशी.”

“बारशाला घालायची व्हती.”

“बारशाला न्हाय जमायचं.”

“मी बी न्हाय, वाकळ बी न्हाय,” कौसल्याबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेऊन शेतातल्या वस्तीवर राहायला निघून गेल्या. गावातल्या घरात रोहिणी होती. मधे ऊस आणि कालव्याचा फाटा.

चार-पाच दिवसांतच रोहिणी बाळंत झाली. मुलगी झाली.

बारशाच्या सकाळी राजेश्वरी बुटक्या खोलीत पिशव्यांची आठवड्याची तपासणी करायला गेली आणि वाकळीची पिशवी जागेवर नव्हती. खोलीतून काही जाणे ही तिच्या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट. तिने गोकुळला बोलावले. गोकुळचा चेहरा उतरला. आदल्या आठवड्यात नव्या पिशव्या ठेवायला त्याने दोन्ही कुलपे काढली होती, राजेश्वरी टाक्यांपाशी होती म्हणून तिची किल्लीही त्याच्याकडेच होती, आणि मधेच फोन आल्यावर तो बाहेर गेला होता. आत फक्त फरशी पुसणारी फुलाबाई होती.

फुलाबाई पिंपळीची. बोलावल्यावर ती लपवायला गेलीच नाही, उलट खुशीत होती.

“मीच दिली न्हेऊन सिंधुबाईला, कौसल्याच्या सासूला. अवो, लेकराची वाकळ ती. आजी-पणजीच्या लुगड्याच्या वाकळीबिगर पाळन्यात घालत न्हाईत आमच्यात. पर तशी न्हाय दिली बरं का, मला काय कळत न्हाय व्हय? फाट्यावर न्हेऊन चांगली धुतली, आपटून आपटून. दोन दिस कडक ऊन दिलं. घटाच्या आधी सगळ्या गावाच्या वाकळा धुतोच की आमी, कसलं बी आजारपन असू दे, ऊन दिलं की जातं.”

राजेश्वरी तिच्यावर ओरडली नाही. तिने फुलाबाईचे हात मीटरखाली धरले. निर्मळ होते. मग ती म्हणाली, “फुलाबाई, ऊन लागून जाणारी घाण न्हाय ही. तिला फक्त दिवस लागत्यात.”

डॉ. अविराज केबिनमध्ये उभेच राहिले. “आधी वाकळ आणा. वस्तू जागेवर आली की हरवलीच नाही. मग मंडळाला काय कळवायचं ते शांतपणे ठरवू.”

“ती बाहेर गेली होती, सर. ते तर झालंच आहे.”

“संध्याकाळपर्यंत थांबा, एवढंच म्हणतोय. वॉर्ड बंद करतील ते. इथून पुण्यापर्यंत दुसरा वॉर्ड नाही. तुमच्याच कळसची माणसं एसटीने पुण्याला जातील गळा धरून. तेव्हा ‘राजेश्वरीताईंनी नियम पाळला’ म्हणून हार घालणार आहेत का तुम्हाला?”

यातले एक अक्षर खोटे नव्हते. राजेश्वरीलाही ते माहीत होते. ती म्हणाली, “नाही घालणार,” आणि बाहेर येऊन जिन्यातच मुंबईला फोन लावला. काय गेले, कधी गेले, कुणाच्या व्यवस्थेतून गेले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिने ‘माझ्या’ असे दिले. मग मीटर आणि गोकुळला घेऊन ती पिंपळीच्या रस्त्याला लागली.

घरापुढे मांडव नव्हता, पण चपलांचा ढीग होता. आत बायकांची दाटी. घुगऱ्यांचा वास. तुळईला पाळणा टांगलेला, झेंडूच्या माळा, आणि पाळण्याच्या आत ती वाकळ, उन्हात वाळून कडक झालेली. बाळ अजून आत्याच्या मांडीवर होते. पाळण्याच्या समोर, स्टीलच्या डब्याला टेकवून एक मोबाईल उभा केलेला. त्याच्या पडद्यावर वस्तीच्या खोलीत बसलेल्या कौसल्याबाई. लांबून बारसे बघत होत्या.

राजेश्वरी दारात थांबली. “सिंधुबाई कोण?”

“मी. बाळाची पणजी. तुमी कोन?” कौसल्याबाईंची सासू, वाळकी, ताठ, नव्या लुगड्यात. “या की, बसा. घुगऱ्या द्या गं पाव्हणीला.”

“घुगऱ्या मागनं घेते, आजी. मी इस्पितळातली. बाळाला त्या वाकळीवर ठेवू नका.”

दाटीतून एकदम आवाज सुरू झाले.

“का? काय झालं वाकळंला?”

“धुतलीय की ती!”

“फुलाबाईनं चोरून आनली वाटतं, म्हनून आली ही पोलिसावानी.”

“आजी, कौसल्यामावशीनं जे औषध घेतलं ते हिच्यात उतरलंय. मोठ्या माणसाला एका दिवसात काय व्हत न्हाय. पर लेकरू वाकळंचं टोक तोंडात घालतं, चोखतं. तिचा गळा एवढा एवढासा. ते औषध गळ्यातच जाऊन बसतं.”

“गप!” सिंधुबाई पाळण्याची दोरी धरून उभी राहिली. “आज बारशाच्या दिशी पाळन्यातनं हातरून काडायचं? भरला पाळना रिकामा करायला आलीस? असलं वंगाळ तुझ्या आईनं शिकवलं का साळंनं?”

पाळण्यातले अंथरूण असे काढणे म्हणजे काय, हे राजेश्वरीला कळत होते. कळसला जन्मलेल्या बाईला ते सांगावे लागत नाही. तरी तिने गोकुळकडून मीटर घेतला, चालू केला आणि पाळण्याकडे नेला. टकटक सुरू झाली. पंखा थांबलेला, बायका थांबलेल्या, तेवढाच आवाज. मग तिने तोच मीटर बाळाच्या टाळूजवळ नेला. एखादीच टक, थांबून थांबून, जशी कुठल्याही भिंतीजवळ येते. तिने वर पाहिले आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. “बाळ निर्मळ हाय,” ती म्हणाली.

रोहिणी भिंतीशी बसली होती, डोक्याला रुमाल बांधून. “आईनं शिवलीय ती,” ती हळूच म्हणाली. “आई तर न्हाय हितं. तेवढी तरी ऱ्हाऊ द्या.”

यावर मीटरला काही म्हणता येत नव्हते. राजेश्वरी वाकली आणि डब्याला टेकवलेल्या मोबाईलसमोर बसली.

“मावशी, ऐकलं?”

पडद्यावर कौसल्याबाई पुढे वाकल्या. मग त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली आणि लगेच तोंड पदराने झाकले, जणू एवढ्या लांबूनही काही उडेल.

“दे गं रोहिनी तिला,” त्या म्हणाल्या. “मी लांब बसलीया ते उगाच का? वाकळ बी माझ्यासंगं लांबच असू दे.”

रोहिणीने स्वतः उठून वाकळ काढली. गोकुळने हातमोजे घालून ती पिशवीत घातली. कुणीतरी घडीची सुती साडी पाळण्यात अंथरली. राजेश्वरी बाहेर पडली तेव्हा मागे पाळणा म्हणायला कुणी सुरुवात करत नव्हते. ती तशीच फाट्यावर गेली, धुण्याचा दगड मोजला, फुलाबाईची बादली मोजली, दोन्ही लिहून घेतले आणि मग गाडीत बसून तिने घोटभर पाणी प्यायले.

मंडळाचे दोन अधिकारी आले. सौजन्याने बोलले आणि वॉर्ड बंद केला. नवी कुलपे, दारावर कॅमेरा, सफाईच्या बायकांना त्यांच्या भाषेत शिकवणे, हे सगळे होईपर्यंत डोस बंद. महिन्याहून अधिक तो बंद राहिला. आयोडीनचे पेशंट पुण्याला जाऊ लागले. कळसचेही एकजण गेले, आणि त्यांच्या मुलाने रस्त्यात राजेश्वरीला गाठून म्हटले, “ताई, एका वाकळंपायी बापाला एसटीत उलट्या झाल्या.” ती म्हणाली, “व्हय, माझ्यामुळंच,” आणि पुण्याच्या वॉर्डातल्या ओळखीच्या माणसाला त्याच्यासमोरच फोन लावून पुढची तारीख सोयीची करून दिली.

फुलाबाईला काढून टाकायचे असे इस्पितळाने ठरवले होते. राजेश्वरीने लेखी कळवले की ज्या बाईला कुणी काही शिकवलेच नाही तिने घरचे शहाणपण वापरले, आणि शिकवण्याचे काम माझे होते. ते काम न झाल्याची नोंद आधी माझ्या नावावर करा, मग तिचे बघा. डॉ. अविराजांनी ते पत्र वाचून तिच्याशी काही दिवस बोलणे टाकले. फुलाबाई राहिली. आता सफाईच्या बायकांना तीच शिकवते, आणि राजेश्वरीपेक्षा कडक शिकवते. “ऊन दिलं की जातं” असे कुणी म्हटले की झाडू उगारते.

याच दिवसांत राजेश्वरीला दिवस गेले. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत ही गोष्ट घराबाहेर जात नाही. दृष्ट लागते म्हणतात, निदान तोंडावर हात ठेवतात. पण किरणांजवळ काम करणाऱ्या बाईने कळताक्षणी कामावर लेखी सांगायचे असते, म्हणजे पोटातल्या जिवाला वेगळे जपता येते. राजेश्वरीने त्याच दिवशी लिहून दिले. दुपारपर्यंत इस्पितळभर झाले. संध्याकाळी फुलाबाईच्या भावजयीकडून जळोचीला सासूबाईंच्या कानावर गेले.

“सासूच्या आधी कुलपाच्या खोलीला सांगितलंस?” सासूबाई म्हणाल्या.

“खोलीत धोका जास्त होता, आई,” राजेश्वरी म्हणाली.

सासूबाई आठवडाभर रुसल्या, मग त्यांनीच शेजारणींना सांगायला सुरुवात केली की माझ्या सुनेचे सगळे नियमाने असते.

त्यानंतर तिने वॉर्डात आणि खोलीत जाणे थांबवले. गोकुळ आत जाऊन मोजे आणि काचेपलीकडून आकडे ओरडून सांगे. तिने जे नियम इतरांना लावले त्यातले एक सूतही स्वतःला कमी लावले नाही. डॉ. अविराज एकदा काचेपाशी थांबून म्हणाले, “आता तर तुमचं माहेर मुंबईहूनही कडक झालं.” पण त्या दिवशी ते हसले होते.

वैशाखाच्या सुरुवातीला वाकळ निवली. गोकुळने ती रेघेरेघेने मोजली, मग मोकळी भिंत मोजली. दोन्ही सारखी. नियमाने ती आता कचरा राहिली नव्हती, कापड झाली होती. राजेश्वरीने पिंपळीला निरोप पाठवला. कुणी आले नाही. पुन्हा पाठवला. सिंधुबाईंचा उलट निरोप आला: तिकडंच जाळून टाका.

गावात आता वाकळीची वेगळीच गोष्ट झाली होती. फाट्याच्या त्या दगडावर बायका धुणे धूत नव्हत्या. पाळण्याशी मीटर कसा वाजला हे बारशाला नसलेल्याही सांगत होत्या. जे तेव्हा कुणाला पटत नव्हते ते आता इतके पटले होते की मागे घेता येत नव्हते.

“मोजलंय, नोंद झालीय, टाकून देऊ म्युनिसिपालटीच्या गाडीत,” गोकुळ म्हणाला. “नियमात बसतंय की, म्याडम.”

“निवली नव्हती तेव्हा ती आपली होती,” राजेश्वरी म्हणाली. “आता त्या लेकराची हाय.”

ती पिंपळीला गेली तेव्हा रोहिणी सासरी निघायच्या तयारीत होती. ओसरीवर बाळंतविडा मांडलेला, टोपरी, झबली, चांदीचे वाळे. कौसल्याबाई गावातल्या घरी परतल्या होत्या, आणि बाळ त्यांच्या मांडीवर होते. गळ्यावरचा व्रण फिका पडला होता. राजेश्वरीने पिशवीतून वाकळ काढली तशा दोन बायका नकळत मागे सरकल्या.

“कशाला आनलीस गं,” सिंधुबाई म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. “तूच म्हनली व्हतीस ना त्यात हाय म्हनून.”

“व्हतं. आता न्हाय.”

“कशावरनं न्हाय? डोळ्याला तर तवा बी दिसत नव्हतं, आता बी दिसत न्हाय.”

“तुमचं यंत्र लावा की,” रोहिणी म्हणाली.

“यंत्र आणलं न्हाय.”

कौसल्याबाई वाकळीकडे बघत होत्या, पण हात पुढे करत नव्हत्या. बाळाला त्यांनी छातीशी धरले होते. “ताई, माझंच त्यात गेलं व्हतं ना,” त्या म्हणाल्या. “मला माझीच भ्या वाटती. लेकीला देऊ तर कशी देऊ?”

राजेश्वरीने ओसरीवरची जागा हाताने झाडली. वाकळ उलगडली. लुगड्यांचे जुने काठ, एक हिरवा, एक जांभळा, आणि त्यावरून गेलेले बारीक टाके. तिने ती भिंतीलगत पसरली, पदर सावरला, एक हात जमिनीला टेकून हळूहळू खाली बसली आणि भिंतीला पाठ लावून पाय पसरले. वैशाखाचे ऊन, चालून आलेले अंग. साडी पोटावर ताणली होती. तेव्हा कुठे बायकांचे लक्ष गेले.

“अगं बया,” सिंधुबाई म्हणाली. “कितवा?”

“पाचवा.”

चहा आला. राजेश्वरीने तो वाकळीवर बसूनच प्यायला, सावकाश, बशीत ओतून. दोन थेंब जांभळ्या काठावर सांडले. तिने ते बोटाने पुसले आणि बोट तोंडात घातले. तिचा दुसरा हात पोटावर होता. बायका त्या हाताकडे बघत होत्या. बाळंतपणाच्या आधी लेकीपासून आईला तोडणारी, पाळण्यातून अंथरूण काढणारी, गरोदर बाईने कुठे जायचे नाही आणि कुठे बसायचे नाही हे सगळ्या तालुक्याला सांगणारी हीच बाई होती. आणि ती बसली होती.

कौसल्याबाई पुढे सरकल्या. त्यांनी एका टाक्यावर बोट ठेवले, मग दुसऱ्या. दोरा जिथे संपला होता ती गाठ त्यांनी चाचपली. मग मांडीवरच्या बाळाला दोन्ही हातांनी उचलले, रोहिणीकडे पाहिले, आणि बाळाला वाकळीवर, राजेश्वरीच्या पसरलेल्या पायांशेजारी पालथे घातले. बाळाने मान वर केली, डुगडुगली, आणि हिरव्या काठाचे टोक मुठीत धरून सरळ तोंडात घातले.

सिंधुबाईचा हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. मग तो बाळाच्या पाठीवर उतरला.

राजेश्वरी भिंतीला धरून उठली. बाळाला धक्का लागू नये म्हणून तिने पाय आधी एका बाजूला घेतले. कपबशी उंबऱ्याशी ठेवली, चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या, आणि बाहेर उन्हात निघून गेली.